रिकामी झाली की हलवू

पंपाचा आवाज येत नाही, हे ऐकायला लोक चेअरमनांच्या घरी येत असत.

आलेल्या माणसाला चेअरमन आधी मागच्या अंगणात नेत, पावसाच्या पाण्याच्या त्या भल्यामोठ्या हिरव्या टाकीशेजारी उभं करत आणि घराकडे तोंड करून ओरडत, "अगं, नळ सोड!" स्वयंपाकघरात नळ धो धो वाहू लागे. चेअरमन ओठांवर बोट ठेवून पाहुण्याकडे बघत. पाहुणा मान तिरकी करून ऐकत राही.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही हो."

"बघा!" चेअरमन म्हणत, आणि पंपाच्या पाठीवरून हात फिरवत. गोंगाट करू नये हे वळण त्याला त्यांनीच लावलं असावं, असा त्यांचा आविर्भाव असे.

आता चेअरमन हे कुठल्याही संस्थेचे चेअरमन नव्हते, हे सांगून टाकलेलं बरं. कॉलनीच्या निवडणुकीत ते एकदा पडले होते. तेवढ्या भांडवलावर हे नाव त्यांना चिकटलं, आणि त्यांनीही ते सोडवायची खटपट केली नाही. नोकरी होती एका कचेरीतल्या भांडारात, कुलपं-किल्ल्या सांभाळायची. निवृत्त होताना किल्ल्या परत द्याव्या लागल्या, पण सवय घरी आली. रोज जेवणं आटोपली की चेअरमन घरभर फेरी मारत आणि दिसेल ते बटण बंद करत. खोलीत कोणी बसलेलं आहे, ही सबब त्यांना मान्य नसे. सून वाचत बसलेली असताना तिच्या डोक्यावरचा दिवा गेला, की ती वीजमंडळाला दोष देत नसे. बाबा येऊन गेले एवढं तिला कळे, आणि ती उठून पुन्हा दिवा लावी.

टाकी आली तेव्हा घरात पहिला खटका उडाला तो जागेवरून. मागच्या अंगणात सकाळचं ऊन एकाच कोपऱ्यात येतं. त्या कोपऱ्यात वहिनींची वेताची खुर्ची असायची. (चेअरमनांच्या बायकोला सगळी कॉलनी वहिनी म्हणते, आपणही म्हणू.) वहिनी सकाळी तिथे बसून भाजी निवडत, केस वाळवत, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा काहीच करत नसत. दिवसभरात त्यांना कोणी हाक मारत नाही अशी तेवढीच एक वेळ होती. घरातल्या कुठल्याही खोलीवर त्यांनी कधी हक्क सांगितला नव्हता, पण त्या कोपऱ्यावर त्यांचा होता.

आणि प्लंबर म्हणाला, टाकी तिथेच बसेल.

"न्हाणीघराच्या मागे नाही का बसणार?" वहिनींनी विचारलं. "तिथे नाहीतरी काळोखच असतो."

"बसेल की. पण पन्हळीचा पाइप तिथवर पोचायला हवा. माझ्याकडे आत्ता तेवढा नाही."

"मग आणा."

"आणतो की. पण आभाळ बघा," प्लंबर म्हणाला. आभाळ खरोखरच भरून आलं होतं, आणि पावसाचा पहिला थेंब आपल्याला चुकवून गेला तर काय, या विचारानं चेअरमनांना घाई झाली.

"असं करू," ते म्हणाले. "आत्ता इथे बसवू. एकदा रिकामी झाली की हलवू. शब्द आहे माझा."

वहिनींनी खुर्ची उचलली आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत नेऊन ठेवली. नवऱ्याच्या शब्दांशी त्यांचा जुना परिचय होता.

जाताना प्लंबरनं एकदा समजावून सांगितलं. टाकीत पाणी आहे तोवर पंप तेच पाणी घरात ढकलणार. टाकी संपली किंवा वीज गेली, तर पंपाच्या डोक्यावरची झडप आपोआप फिरणार आणि पाणीपुरवठा खात्याचं पाणी घरात येणार. घरातल्या माणसाला काही कळणारसुद्धा नाही. "काका, तुम्ही कशालाच हात लावायचा नाही," तो म्हणाला. "सगळं ऑटोमॅटिक." चेअरमनांना हे शेवटचं वाक्य फार आवडलं. त्यांनी लगेच पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठसठशीत अक्षरांत 'हात लावू नये' असं लिहून ते पंपाला बांधलं. आधीची वाक्यं या गडबडीत कुठेतरी वाहून गेली.

त्या दिवशीच्या फेरीत त्यांना मागच्या व्हरांड्यात एक नवं बटण चालू सापडलं. त्यांनी ते बंद केलं. कुठलाच दिवा विझला नाही. चालू केलं. कुठलाच लागला नाही. चेअरमन हादरले. त्यांनी घरातल्या सगळ्यांना व्हरांड्यात गोळा केलं.

"हे बटण कोणी चालू ठेवलं?"

"कशाचं आहे ते?" मुलानं जांभई देत विचारलं.

"कशाचंच नाही! तेच तर म्हणतोय मी. कशाचंच नाही आणि चालू! अरे, उजेडासाठी दिवा जाळला तर समजू शकतो, पण नुसतंच?"

कोणी गुन्हा कबूल करेना. चेअरमनांनी बटण बंद केलं, कपाटातून चिकटपट्टी आणली आणि त्या बटणावर आडवी-उभी अशी फुली मारली. मग समाधानानं झोपायला गेले. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज त्यांना गादीवरून ऐकू येत होता.

त्यानंतरचे दिवस म्हणजे चेअरमनांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. टाकी भरली आणि भरलेलीच राहिली. पाणीपट्टी सगळ्या कॉलनीला सारखीच येते, मीटर कोणाकडेच नाही, तेव्हा कोण किती पाणी वापरतं हे विचारणारं कोणी नव्हतं. चेअरमन गच्चीत, दुकानात, केस कापताना, जिथे जमेल तिथे सांगत, "आमच्या घरात खात्याच्या पाण्याचा थेंब नाही." पावसाच्या पाण्याचा चहा वेगळाच लागतो, असं त्यांना वाटू लागलं. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर तर रोज सकाळी तांब्या घेऊन येत. या पाण्यानं त्यांची जुनी पित्ताची तक्रार पार गेली होती. सुनेचं म्हणणं बरोबर उलटं होतं. तिचे केस गळत होते आणि ते पावसाच्याच पाण्यानं गळत होते. शेजारच्या शिक्षिकाबाईंना या पाण्याला एक प्रकारचा मातीचा वास येई. त्या चेअरमनांच्या घरी पाणी पीत नसत, घरून बाटली भरून आणत.

वहिनी अधूनमधून भिंतीच्या सावलीतून विचारत, "झाली का रिकामी?"

चेअरमन टाकीवर टिचकी मारत. भरल्या कलिंगडासारखा बद्द आवाज येई. "छे! भरलेली आहे. भरलेली टाकी हत्तीलासुद्धा हलायची नाही."

"इतकी माणसं पाणी वापरतात, संपत कसं नाही?"

"नियोजन," चेअरमन म्हणत. थंडीच्या दिवसांत वहिनी शाल गुंडाळून सावलीत बसू लागल्या. मग बाहेर बसणंच त्यांनी सोडून दिलं. स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरायच्या. चेअरमनांच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. त्यांना एकदोनदा चुटपुट लागलीसुद्धा. पण टाकी भरलेली होती, त्याला ते तरी काय करणार?

मध्यंतरी त्यांनी पाणीपुरवठा खात्याचं शिफारसपत्र मिळवायचा घाट घातला. आदर्श घर म्हणून दारावर पाटी लावायची त्यांच्या मनात होती. खिडकीतल्या कारकुनानं डोकं वर न करता विचारलं, "पाणी येत नाही का?"

"येतं. पण आम्ही घेत नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. आम्ही पावसाचं घेतो."

"पावसाचं पाणी आमच्याकडे येत नाही," कारकून म्हणाला. "ही नळाची खिडकी आहे."

"मग पावसाची खिडकी कुठली?"

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली आणि बराच वेळ चेअरमनांकडे बघितलं. अशा पुष्कळ खेपा झाल्या. चेअरमनांचा अपमान झाला नाही अशी खिडकी त्या इमारतीत उरली नाही. शेवटी बहुधा कंटाळूनच एका साहेबांनी कबूल केलं, की कधीतरी त्या बाजूला आलो तर बघून जाईन.

आणि ते आले नेमके कॉलनीचं पाणी गेलं त्या दिवशी.

सकाळीच बातमी पसरली होती. नाक्यावर रस्ता खणताना मुख्य नळ फुटला होता आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाच्याही घरी पाणी येणार नव्हतं. ही बातमी चेअरमनांना फाटकातच, पेपर घेताना कळली. त्यांना झालेला आनंद चारचौघांत दाखवण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी तो चेहऱ्यावर काळजी आणून झाकला. पेपर काखेत मारून ते घरोघर गेले. "बादल्या घेऊन या," ते प्रत्येक दारात म्हणाले. "संकोच करायचा नाही. आमचं घर आहे ना!"

"अहो, जरा आत या," वहिनींनी खिडकीतून हाक मारली.

"आलोच!"

"अहो, ऐकता का? नळाला..."

"अगं, लोकांची पाण्याची सोय करतोय, दिसत नाही का?"

वहिनी एकेक नळ सोडून बघू लागल्या. थोड्याच वेळात मागच्या अंगणात बादल्या, घागरी, पिंपं, आणि ती घेऊन आलेली सगळी कॉलनी उभी राहिली. फुटलेल्या नळाच्या पाहणीला आलेले साहेबही त्या रांगेमागोमाग आत आले. चेअरमनांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी लगोलग एक छोटं भाषण केलं. निसर्ग देतो आणि माणूस गटारात सोडतो, असा त्याचा आशय होता. मग ओठांवर बोट ठेवून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं.

"अगं, नळ सोड!"

सगळ्यांनी माना तिरक्या केल्या.

"सोडलाय!" आतून वहिनींचा आवाज आला.

"मग अजून सोड!"

"सगळे सोडलेत! केव्हाचे!"

"बघा, आवाज नाही," चेअरमन सवयीनं बोलून गेले.

"पाण्याचाही नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

चेअरमन आत धावले. स्वयंपाकघराचा नळ कोरडा, न्हाणीघराचा कोरडा, संडासातला कोरडा. शेवटच्या नळानं एक उसासा टाकला आणि तोही थांबला. ते पुन्हा बाहेर धावले आणि टाकीवर टिचकी मारली. बद्द! टाकी काठोकाठ भरलेली होती. घरात चोरी व्हावी आणि कुलूप मात्र जागच्या जागी असावं, तसा काहीसा धक्का होता तो.

मग सल्ल्यांना ऊत आला. शिक्षिकाबाई म्हणाल्या, पाइपात हवा अडकली असणार, वर्गातल्या फळ्यावर त्या हे दरवर्षी काढून दाखवतात. एकजण म्हणाला, पंपाला खालून दोन थापा मारा. दुसरा म्हणाला, वरून मारा. सुनेनं 'हात लावू नये' या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. पोस्टमास्तर बागेतल्या रबरी नळीचं तोंड उचलून एक डोळा मिटून आत बघू लागले, काही बोळा-बिळा अडकलाय का म्हणून. चेअरमनांनी वरूनही थापा मारल्या आणि खालूनही मारल्या. पंप ढिम्म होता.

इतका वेळ साहेब हाताची घडी घालून बघत होते. "मला एक सांगा," ते शांतपणे म्हणाले. "टाकी भरलेली आहे. आमचं पाणी बंद झालं तसं तुमच्या घरातलंही बंद झालं. मग आजवर तुमच्या घरात पाणी कोणाचं येत होतं?"

हा प्रश्न चेअरमनांच्या कानांतून आत शिरून पोटापर्यंत पोचायला वेळ लागला.

"आमचं," साहेबांनी स्वतःच उत्तर दिलं.

"म्हणजे?" पोस्टमास्तर नळी हातात धरून किंचाळले. "म्हणजे मी रोज तांब्या भरून नेत होतो ते माझ्याच घरी येतं ते पाणी होतं? मग माझं पित्त कशानं गेलं?"

"आणि माझे केस?" सून म्हणाली.

शिक्षिकाबाईंनी आपल्या हातातली घरून आणलेली बाटली पदराआड लपवली.

गच्चीत बोललेलं, दुकानात बोललेलं, केस कापताना बोललेलं सगळं चेअरमनांना एकदम आठवलं आणि आपले कान गरम झालेत एवढंच कळत राहिलं. त्या गर्दीतल्या कोणी हसून टाकलं असतं तर बरं झालं असतं, पण धक्का सगळ्यांनाच बसला होता, त्यामुळे हसायला कोणी मोकळं नव्हतं.

वहिनी व्हरांड्यात येऊन उभ्या होत्या. वीज गेली तर खात्याचं पाणी येणार, असं प्लंबर त्या दिवशी म्हणाला होता. भाजी निवडता निवडता त्यांनी ते ऐकलं होतं आणि आता इतक्या दिवसांनी त्यांना ते आठवलं. त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे बघितलं. आडव्या-उभ्या चिकटपट्टीखाली एक बटण होतं, धूळ खात पडलेलं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हे बटण कशाचं हो?"

"कशाचंच ना..." म्हणता म्हणता चेअरमनांचा जबडा तसाच उघडा राहिला.

वहिनींनी पट्टी ओढून काढली आणि बटण दाबलं.

दगड भरलेलं पिंप जिन्यावरून खाली यावं, असा एक आवाज झाला. शिक्षिकाबाईंनी बाटली टाकली. साहेब दोन पावलं मागे सरले आणि एका घागरीत पाय घालून उभे राहिले. तो पंप होता. चेअरमनांनी ज्याच्या मौनाचं कौतुक इतके महिने सगळ्या कॉलनीला ऐकवलं, तो पंप आता जमीन हादरवत होता. आणि घरातले सगळे नळ तर केव्हाचे सोडून ठेवलेले होते. स्वयंपाकघराच्या नळातून आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, त्यापाठोपाठ कुजक्या पानांचा चुरा आला. न्हाणीघराचं पाणी उंबरा ओलांडून दिवाणखान्यात पोचलं. रबरी नळीनं एक गिरकी घेतली आणि पोस्टमास्तरांच्या त्याच डोळ्यात, जो त्यांनी उघडा ठेवला होता, टाकीतला सगळा जुना गाळ नेमका मारला. शेवाळाच्या वासानं अंगण भरून गेलं.

"हा!" पोस्टमास्तर तोंड पुसत ओरडले. "हा पावसाच्या पाण्याचा वास!"

जरा वेळानं पाणी निवळलं. प्यायच्या लायकीचं नव्हतं, पण धुण्याला, भांड्यांना, संडासाला चांगलं होतं, आणि कॉलनीला त्या दिवशी तेवढंच हवं होतं. बादल्या भरू लागल्या. लोक नेत राहिले, पुन्हा येत राहिले. साहेबांनी पँटचा पाय पिळला. "पंप फार आवाज करतो," जाताना ते म्हणाले. "तेवढं बघून घ्या." पाटीचा विषय कोणी काढला नाही.

चेअरमन आतल्या खोलीत पलंगावर पाय वर घेऊन बसले, कारण खाली पाणी होतं. लाज वाटत होती, नुसती थोडीथोडकी नाही, सपाटून वाटत होती. बाहेर पंप गरजत होता, आणि त्याच्या प्रत्येक गर्जनेसरशी आपलं नाव घेतलं जातंय असं त्यांना वाटत होतं. सून पुसणं घेऊन आली, मुलगा गाद्या उचलायला आला. कोणीतरी बोलावं, म्हणजे उलट चिडता तरी येईल, असं त्यांना फार वाटत होतं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप पलंगावर ठेवून गेल्या. संध्याकाळच्या सुमाराला पंपाचा आवाज बदलला, मग थांबला. त्या दिवशी चेअरमनांनी फेरी मारली नाही. घरातले सगळे दिवे चालू राहिले, आणि सुनेला ते इतकं चमत्कारिक वाटलं की तिनं स्वतः उठून ते मालवले.

सकाळी वहिनी उठल्या त्या खरखर आवाजानं. मांजर असेल म्हणून त्यांनी मागचं दार उघडलं आणि तिथेच थबकल्या.

चेअरमन बनियनवर होते. त्यांनी पन्हळीचा आणि पंपाचा पाइप सोडवून भिंतीला टेकून ठेवले होते आणि ती भलीमोठी टाकी आडवी पाडून, खांदा लावून, न्हाणीघराच्या मागे ढकलत नेत होते. टाकी आतून ढोलासारखी घुमत होती. चेअरमनांच्या गुडघ्याला खरचटलं होतं आणि डोक्यावर एक वाळकं पान चिकटलेलं होतं.

"अहो, हे काय चाललंय?" वहिनी म्हणाल्या. "पाइप पुरणार नाही तिथे. प्लंबर तरी येऊ दे!"

"येईल," चेअरमन धापा टाकत म्हणाले. "रिकामी झाली."

"म्हणजे?"

"रिकामी झाली की हलवू, म्हणालो होतो ना मी?" ते बायकोकडे बघत नव्हते, टाकीकडेच बघत होते. "मग झाली."

वहिनी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. कालपासून या घरात धक्क्यांवर धक्के बसले होते आणि त्यांनी ते सगळे निमूट पचवले होते. हा मात्र त्यांना पचेना. संसाराच्या इतक्या वर्षांत या माणसानं शब्द दिले होते उदंड, पण दिलेला शब्द स्वतःहून, कोणी न मागता, ऐन सकाळी घामाघूम होऊन पाळताना त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्यांनी पदरानं नाक पुसलं.

चेअरमनांनी टाकी भिंतीला टेकवली. मग परत येऊन सावलीतली वेताची खुर्ची उचलली, हातानंच तिची धूळ झाडली आणि कोपऱ्यात आणून ठेवली. टाकीनं जमिनीवर मोठा गोल वण उमटवला होता. त्या वणावर ऊन पडलं होतं. वहिनी जाऊन बसल्या. भाजी आणायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मांडीवर रिकामे हात ठेवून त्यांनी डोळे मिटून घेतले.

मागे व्हरांड्यात पावलं वाजली आणि बोर्डापाशी येऊन थांबली.

"अहो," वहिनी डोळे न उघडताच म्हणाल्या, "हात लावू नये."

"अगं, पण टाकीच जोडलेली नाही आता. नुसतंच चालू आहे ते."

"असू दे."

चेअरमनांनी हात मागे घेतला, आणि येऊन खुर्चीशेजारी पायरीवर बसले.